यादी

मोतीझीलच्या पंपघरात
शासनाचा कागद आला:
परदेशी बनावटीचं जे जे, ते ते काढा.
साहेब म्हणाले, इंगळे, यादी करा.

दाब मोजणारा डबा
उपडा करून पाहिला,
पाठीवर मुंग्यांसारखी अक्षरं.
सहा वर्षं रात्रपाळीला
हा जागायचा, मी पेंगायचो.
काढला. चार स्क्रू, एक पिन.

कॅमेरे काढले. मोडेम काढला.

मग बॅटरी घेऊन खाली उतरलो
जुन्या व्हॉल्वपाशी.
चिखल पुसला, तर
लोखंडातच ओतलेलं
कुठल्याशा विलायती कारखान्याचं नाव.
पणजोबांपासून आमची गल्ली
याच्याच घशातून पाणी पिते.

यादीत एक ओळ रिकामी होती.
मी मूठभर चिखल घेतला
आणि नाव
परत लिंपून टाकलं.