धावण्याआधी

रात्रीचे दोन. अशोक चौकात माग खडखडतोय.
माझ्या स्क्रीनवर दोन प्रक्रिया:
एकीने आकडा द्यायचा, दुसरीने घ्यायचा,
मग उत्तर, मग निरोप.
सगळा करार टाइपातच बांधलाय,
जसा नर्सय्यामामा
मोर चादरीत उतरण्याआधी
पुठ्ठ्याच्या भोकांत तपासतो.

कंपायलर अडतो.
तिसऱ्या पायरीवर दोघी ऐकतायत,
बोलणारी कुणीच नाही.
प्रोग्राम चालवला असता तर मोडलाही नसता,
नुसता गप्प बसला असता.

मी एका टोकाचा 'घे' खोडते, 'दे' लिहिते.

मामा बशीत चहा ओततो. "काय चुकलं होतं?"
"दोघी एकमेकींची वाट बघत होत्या."

तो बशीवर फुंकर मारत राहतो.
चहा केव्हाच निवलेला.
सत्तर फूट रोडला त्याचा भाऊ राहतो.
नऊ वर्षं.
तो पुठ्ठा कुणी तपासलाच नव्हता.