पाण्याखालची लेव्हल

धरणगावात, जिनिंगच्या भिंतीला लागून झोपेंचं दुकान.
टीव्ही गेम, तासाला चार रुपये.
तीन टीव्ही, एक पंखा, तोही झोपेंच्या तोंडावर.
मी खेळत नसे.
खेळायला पैसे लागत, ऐकायला नाही.

पिवळ्या कॅसेटवर छापलेलं : नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ.
निघाले सोळा.
सातव्यात एक पाणबुड्या खाली खाली जाई
आणि पाण्याखाली ती चाल सुरू होई.
कुणाची, ते कुठंच नव्हतं.
मला वाटे, यंत्रालाच फुटत असेल,
कपाशीला बोंड फुटतं तशी.

पुढं मी बँडमध्ये. क्लॅरिनेट बापाची.
त्या उन्हाळ्यात निम्मा बँड सुरतेला लूमवर गेला.
उरलो सुका बिऱ्हाडे ट्रंपेटला, लतीफ युफोनियमला, मी,
आणि झांजेवर लतीफचा पोरगा.
सिनेमाची गाणी तिघांत पुरेनात,
डोक्यावर ओढावी तर पाय उघडे.
एरंडोलच्या वरातीत मी पाणबुड्याची चाल काढली.
मापानं शिवल्यासारखी बसली.

मग ती आमच्या हातात राहिली नाही.
पारोळ्याच्या बँडनं उचलली, चोपड्याच्या डीजेनं उचलली.
एका श्रावणात कानबाईच्या मिरवणुकीत
बाया तिच्यावर अहिराणी शब्द घालून म्हणत होत्या.
मी विचारलं, हाई कोनी चाल शे?
एक म्हातारी वसकली : कोनी म्हंजे? आपलीच शे.

परवा तेजलनं मोबाइल पुढं केला.
पप्पा, ही तुमची चाल. आणि ही बाई.

चिएको तानिमुरा, वय एकाहत्तर.
पियानो शिकून घरी बसलेली.
शिवणयंत्रं विकणाऱ्या एका कंपनीनं खेळ काढायचे ठरवले,
पेपरात जाहिरात आली, ही गेली.
साहेब म्हणाले, एका वेळी तीनच सूर वाजतील,
शिवाय एक फस्स. लाटेची करा नाहीतर गोळीची.
नऊ वर्षं, एकतीस खेळ.
नाव लावायचं नाही, दुसरी कंपनी पळवेल.
खेळ संपल्यावर पडद्यावर फक्त ‘खेकडा’.
तिथवर धरणगावातलं कुणी पोचलंच नाही.

पुढं यंत्रं मोठी झाली. शंभर वाद्यं वाजवा म्हणाले.
ती सांगते, एवढ्या जागेत मला काही सापडेना.
नोकरी सोडली. चौदा वर्षं
गल्लीतल्या पोरांना पियानो शिकवला.
मग तेव्हा खेळणाऱ्यांचेच केस पिकले
आणि त्यांनी तिला शोधून काढली.
मोठं सभागृह. नव्वद वादक.
ती पहिल्या रांगेत, मांडीवर पर्स.
मी त्या नव्वदांत तिघांना शोधत होतो.

शेवटी कुणीतरी तिला विचारतं, ही चाल संपते कशी?
ती हसते. तेजल खालचं वाचून दाखवते :
मी शेवट लिहिलाच नाही.
खेळणारा मरेपर्यंत ती फिरत राहते.

माझ्या हातातला चहा कलंडला.
आमच्या चालीला शेवट आहे.
पिंप्रीला घोडी बिथरली होती, नवरदेव उतरेना,
आम्ही वाजवतोय, वाजवतोय, ओठ सुजले,
तेव्हा सुकानं ट्रंपेट वर केलं आणि चार सूर टाकले,
ओट्याच्या पायऱ्या उतरावं तसे. नवरा उतरला.
तेव्हापासून तोच शेवट.
सुका जाऊन तीन वर्षं झाली.

तेजल म्हणते, लिहा ना त्यांना.
काय लिहू? बाई, तुमच्या चालीवर
आम्ही एका वरातीचे अठराशे घेतले, पुढं नऊ हजार?

रात्री गच्चीवर गेलो. तिनं मोबाइल धरला.
सुरत पॅसेंजर जाऊ दिली, कुत्री गप्प होऊ दिली.
मग वाजवलं. आधी तिचं, मग सुकाचे चार.
ऐकलं तर मध्ये मध्ये माझा श्वास येतोय.
तिच्या चालीत त्याला जागाच नाही,
यंत्राला कुठं लागतो श्वास.
तेजल म्हणाली, परत घ्यायचं का?
राहू दे म्हटलं. तेवढं तिला कळू दे,
कुठं कुठं मी चोरत आलोय.