सतरावी पायरी

शब्द गेला तेव्हा मी दारातच उभी होते,
एका हातात पोह्यांचा पुडा, दुसऱ्यात कुलूप.
हेमंतला म्हटलं, "अरे, ती दे ना, ती... किलनी."
तो हसला.
मग हसायचा थांबला.

किल्ली म्हणायचं होतं मला.
किलनी म्हणजे गोचीड, इकडच्या हिंदीत,
आणि गोचीड हा शब्द आमच्या घरात
गेल्या श्रावणापासून कुणी मोठ्यानं उच्चारत नाही.

तिळाएवढी असते म्हणे. मी पाहिलीच नाही.
कनेक्टिकटला, पुतणीच्या बाळंतपणाला गेले होते.
मागच्या अंगणात तिन्हीसांजेला हरणं यायची,
मी डिंकाचे लाडू वळून झाले की
पाय मोकळे करायला गवतात. अनवाणी.
गुडघ्यामागे लाल वर्तुळ उठलं, आत आणखी एक.
गजकर्ण समजून मलम चोळलं
आणि रामबागेत परत आले.

मग सोमवारी उजवा गुडघा, गुरुवारी डावं मनगट,
दुखणं खोल्या बदलत राहिलं,
भाडं न देणाऱ्या भाडेकरूसारखं.
एके सकाळी चूळ भरली तर पाणी हनुवटीवर.
अर्धा चेहरा अजून उठलाच नव्हता.
डावा डोळा मिटेना, रात्री पट्टी चिकटवून झोपायचे.

एक डॉक्टर म्हणाले, वात. दुसरे म्हणाले, वय.
तिसऱ्यांनी माझ्यासमोर हेमंतला विचारलं,
"घर में कोई टेन्शन?"
पोरवालबाईंनी मात्र मलाच विचारलं,
"उन्हाळ्यात कुठे गेला होतात?"
रक्त दिल्लीला गेलं, नाव घेऊन आलं. लाइम.
हेमंतला वाटलं, लिंबू.
त्या दिवशी आम्ही खूप हसलो,
मी अर्ध्याच तोंडानं.

गोळीच्या आगेमागे दूध नाही, उन्हात जायचं नाही.
सराफ्यात सगळे रबडी चाटत उभे
आणि मी पाण्याची बाटली धरून, लग्नातल्या वजनदार पाहुणीसारखी.
अठ्ठावीस दिवस. मग शिरेतून आणखी एकवीस.
"जंतू गेलेत," बाई म्हणाल्या,
"पण तुमच्या अंगाला ते अजून कळलेलं नाही."

जेल रोडच्या छापखान्यात तीस वर्षं प्रुफं वाचली मी.
दुसऱ्यांच्या ओळींतून निसटलेली वेलांटी
चालत्या टेम्पोतूनही दिसायची मला.
आता चिमट्याला म्हणते "ते गरम धरायचं",
उशीला हिंदीच नाव आठवतं,
आणि बाराखडी मनात म्हणत बसते, ग्लानी येईपर्यंत,
जसं कुणी रात्री दारं लावलीत का ते पुन्हा पुन्हा बघतं.

सकाळी सातला कचऱ्याची गाडी येते, तिचं ते गाणं वाजवत.
आमचा मजला दुसरा. चोवीस पायऱ्या.
आठ महिने ओला डबा खालच्या शकुंतलाबाईंचा नातू नेतो.
मी कुणाला सांगितलं नाही,
पण माझं सगळं बरं होणं त्या हिरव्या डब्यात आहे.
कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपर्यंत चालणं नंतर,
पुन्हा प्रुफं नंतर,
आधी केळीची सालं, चहाचा चोथा, माझ्या हातानं, फाटकापर्यंत.

पहिल्यांदा चार पायऱ्या उतरले आणि बसले.
मग तीन दिवस अंथरुणात, चारांची शिक्षा.
मग सात. मग पुन्हा चार. मग काहीच नाही, दिवाळीभर.
वर जाणारी रेघ नाही ही,
लहान मुलानं भिंतीवर ओढलेली आहे.

आज उतरले.
सगळ्या. कठडा धरून, डबा मांडीला घासत.
फाटकाशी पोचले तर गाडी पुढच्या गल्लीत वळलेली,
गाणं जरा मागे राहिलेलं, हवेत.
"आंटी, मैं दौड़ के दे आऊँ?"
"नको रे. कल."

डबा तिथेच ठेवला, वर निघाले.
चढणं उतरण्यापेक्षा खरं असतं.
सतराव्या पायरीवर गुडघा म्हणाला, बास.
भिंतीला कपाळ टेकून उभी राहिले,
कुणाच्या तरी फोडणीचा वास येत होता,
आणि तिथे, समोर कुठलंच कुलूप नसताना,
आली.
किल्ली.

दोनदा म्हटलं, ऐकू येईल असं.
मग अठरावी.