दिसलं तेवढंच

पहिल्या दिवशी मी वहीत लिहिलं,
'कैवल्यला राग आला.'
गुरुवारी अत्तरदे मॅडम जळगावहून आल्या,
चष्मा कपाळावर सरकवून वाचलं
आणि 'राग'वर पेन्सिलीनं आडवी रेघ मारली.
राग कुठं दिसला तुला?
काय दिसलं?

दिसलं ते असं:
दहा चाळीसला शेताची लाइन आली.
गोठ्यामागची मोटर घरघरली.
उजवा तळहात उजव्या कानावर, सात वेळा.
आईनं मोबाइल दिला.
हात थांबला.

आधी काय, मग काय, नंतर काय.
तीन रकाने, पट्टीनं आखलेले.
डीएडच्या दोन वर्षांत
इतकं सोपं, इतकं अवघड
मला कुणी दिलं नव्हतं.

मॅडमचं काम आराखडा आखायचं,
महिन्याचे आकडे जोडून रेघ वर जाते की खाली ते बघायचं.
माझं काम सावद्याच्या त्या ओसरीत
रोज दोन तास फरशीवर बसायचं.
उरलेले बावीस तास त्याच्या आईचे.
त्यांचा पगार कोणत्या रकान्यात लिहितात
मी विचारलं नाही.

त्याला काय आवडतं हे शोधायला दोन आठवडे गेले.
चॉकलेट त्यानं पायानं ढकललं.
मी 'शाब्बास' म्हणून टाळ्या पिटल्या, त्यानं कान झाकले.
मग एकदा सापडलं:
केळीच्या घडाला घालतात त्या निळ्या पिशवीचा तुकडा,
बोटांत चोळला की चुर्र चुर्र.
बक्षीस काय ते मी ठरवत नाही, तो ठरवतो.
माझ्या पर्समध्ये आता तेच असतं,
बसचा पास आणि निळं प्लॅस्टिक.

कार्ड बनवलं. मोटरचं चित्र, त्यावर फुली.
कार्ड दिलं की मोटर पाच मिनिटं बंद.
मुरलीभाऊ म्हणाले, लाइन आठच तास असते ताई,
पाच-पाच मिनिटांनी माझा बाग सुकेल.
तरी खटका त्यांनीच पाडला,
घड्याळाकडे बघत.

आधी हातावर हात ठेवून.
मग मनगटाला बोट.
मग कोपर, मग खांद्याशी नुसती चाहूल.
मग फक्त माझी नजर कार्डाकडे.
मदत अशी काढून घ्यायची
की गेलेली कळू नये.

मोबाइल मात्र बंद.
नवव्या दिवशी साताचे एकतीस झाले.
मी कानावर माझा तळवा धरला, मार माझ्या बोटांना.
मॅडमनी फोनवर सांगितलं होतं, आधी चढेल, मग उतरेल.
ऐकणं वेगळं.
भाकरी तव्यावर टाकून त्याची आई धावत आली,
'कसं व्हईन वं पोरी याचं?'
त्या दिवशी खिरोद्याच्या फाट्यावर
माझ्या दोन बस गेल्या, मी चढले नाही.

मग शेजारच्या काकूंनी सुचवलं,
हात फडफडवतो ना, तेवढं थांबवा, लोक बघतात.
मी वहीत चौथा रकाना आखून ठेवला.
मॅडमनी विचारलं, त्यानं कुणाला लागतं?
नाही.
मग मोजू नकोस.
रकाना अजून तसाच कोरा आहे,
त्याच्या कडेला कैवल्यनं एकदा हळदीचं बोट पुसलंय.

काल मी त्याला रंग सांगत होते.
हा पिवळा, हा बघ पिवळा, पिवळा कुठाय, दाखव पिवळा.
मोटर चालू होती. कानाला हात गेला नाही.
त्यानं पाटाखालून कार्ड ओढलं
आणि माझ्या हातात दिलं.
मी खटक्याकडे उठले.
त्यानं माझी ओढणी धरली.
कार्ड पुन्हा दिलं, माझ्याच हातात, जोरात.

मला वेळ लागला.

आधी: मी बोलत होते.
वागणं: कार्ड दिलं, दोनदा, मदतीशिवाय.
नंतर: मी गप्प बसले.

पाच मिनिटं चुर्र चुर्र.
मागं मोटर चालूच,
पाणी बागेकडे जात होतं.