मिठाच्या गोदामामागे

बैठक सरकारी इमारतीत नव्हतीच.
तोर्शावनच्या बंदरावर, मिठाच्या गोदामामागे एक खोली आहे,
जाळी दुरुस्त करणारे तिथे जेवतात.
खिडकीला कडी नाही. वाऱ्याला तेवढंच पुरतं.

आमचे सतरा, त्यांचे सोळा.
सतरावा मी.

आयदुन समोर बसून वाळवलेल्या मेंढीच्या तंगडीवरून
पातळ पातळ काप काढत होता,
खाती वाटावीत तसे.
एक काप माझ्याकडे सरकवून म्हणाला,
"रोई, भांडायला नाही बोलावलं."
आणि नकाशा उलगडला.

आमचं बेट. एकोणचाळीस माणसं, शाळेत दोन मुलं,
आणि धुक्याची परवानगी असेल तर हेलिकॉप्टर.
बेटापासून मोठ्या बेटापर्यंत, समुद्राच्या पोटातून,
लाल पेन्सिलीचे ठिपके.
"बोगदा," तो म्हणाला. "सात वर्षांत. लिहून देतो.
फक्त सोल्रुन पंतप्रधान नको."

आई गेली तेव्हा चार दिवस बोट आली नव्हती.
सुतार होता, हातोडी होती,
फळ्या बोटीवर होत्या.
चार दिवस आई नौकाघरात थांबली,
जिवंतपणी कधी कुणासाठी थांबली नव्हती ती.

हे आयदुनला ठाऊक होतं. फळ्या ठोकायला तोही होता.

आणि सोल्रुन?
तिने माझ्या पहिल्या भाषणातली अकरा विशेषणं खोडली होती,
"शूर" सुद्धा, "प्राचीन" सुद्धा.
तिच्या पूर्णविरामालाही शेपूट असते, पेन्सिल उचलायची घाई.
खाली लिहिलं होतं: आता हे तुझं झालं.
मासेमारीचे परवाने लिलावात काढायचे नाहीत
एवढ्या एका वाक्यावर ती वीस वर्षं उभी आहे,
आणि मी तिच्या शेजारी.
पाय दुखतात. पण सवय झाली.

म्हणतात, खाल्ल्या मिठाला जागावं.
भिंतीपलीकडे चारशे टन होतं.
त्यातलं कुणाचं किती खाल्लं
हे मला रात्री अडीच वाजता कुणी विचारू नये.

तरी विचारलंच त्याने. पेन पुढे केलं.
मी पेनाकडे पाहिलं, कापाकडे पाहिलं.
"नाही," म्हणालो.

छान वाटलं. खोटं कशाला बोलू,
क्षणभर मी माझ्याच पुतळ्यासारखा बसलो होतो.

आयदुन चिडला नाही.
नकाशाची घडी घालू लागला, सावकाश,
आणि दिव्याखालून जाताना ठिपके तिरपे झाले.
प्रत्येक ठिपक्याला
बारीकशी शेपूट.

म्हणजे या खुर्चीत माझ्याआधी ती बसून गेली होती.
तिने मला विकलं होतं, की स्वतःला?
की लिलाव ठरलाच आहे हे कळल्यावर
निदान बेट तरी वाचवू म्हणून
समुद्राखालून एकटीने रस्ता आखला होता?
की नुसतं पाहायचं होतं, सतरावा किती खोल जातो?

"हे कुणी काढलं?" मी विचारलं.
आयदुनने सुरी पुसली. "तू नाही म्हणालास ना?
मग आता त्याचं काय."

बाहेर तिची गाडी उभी होती, दिवे बंद, इंजिन चालू.
मी शेजारी बसलो. अंगाला मिठाचा वास.
तिने विचारलं नाही, ठरलं का.
माझ्या हातांकडे पाहिलं,
सही केल्यावर माझ्या अंगठ्याला शाई लागते, नेहमी,
तो कोरडा होता.

शाबास म्हणाली नाही. मूर्खा म्हणाली नाही.
काचेवर पाण्याचे ठिपके जमत होते,
घरंगळताना शेपट्या काढत.
तिने वायपर लावला,
एकदाच,
आणि पहाटेच्या बोटीचं वेळापत्रक माझ्या मांडीवर ठेवलं.