एक माल्ट, एक हॉप

जव एकाच जातीचं. फूल एकाच वेलीचं.
बाकी गंगापूर धरणाचं पाणी, नळाला आलेलं,
क्लोरीन उडावं म्हणून रात्रभर उघडं ठेवलेलं.

सिडकोतल्या आमच्या मोरीत
वीस लिटरचा डबा तीन आठवडे बसून होता.
डिसेंबरात नाशिकची थंडी फुकट मिळते,
पण पारा नऊवर उतरला त्या पहाटे
मी उठून त्याला गोधडी पांघरली.
खालच्या तिडकेकाकू दोनदा वर आल्या:
तुमचा नळ गळतोय का हो,
रात्री बुडूक बुडूक ऐकू येतं.
मी म्हटलं, प्लंबरला सांगितलंय.

बाटल्या भरल्या. संक्रांत उलटली.
आज आला तो प्लंबर:
निवृत्ती भामरे, वायनरीत चवीवर पगार घेणारा.
सोळा वर्षं तोंडात द्राक्षं फिरवतोय
आणि थुंकतोय.
घरचा चहासुद्धा आधी हुंगतो म्हणे.
मी पेल्याशेजारी एक रिकामं पातेलं ठेवलं,
त्याच्या सोयीसाठी.

झाकण उघडलं, फुस्स झालं.
तेवढ्यानेच माझ्या डोळ्यांत पाणी.
(मागच्या खेपेला आवाजच नव्हता,
चौदा बाटल्या मोरीत ओतल्या मी, एकेक करून.)
रंग घासलेल्या पितळेचा, थोडा गढूळ.
फेस दोन बोटं, मग दीड.

त्याने पेला खिडकीकडे धरला. काही बोलेना.
मीच सांगत सुटले,
यात मसाला नाही, संत्र्याची साल नाही, मध नाही,
लपायला जागाच ठेवलेली नाही;
चुकलं असेल तर चूक एकटी उभी दिसेल,
आमच्या सातपूरच्या कंपनीत
व्हर्नियरखाली दिसते तशी, दशांशासकट...

"थांब गं जरा."

घोट या गालातून त्या गालात गेला.
"पाव भाजतोय कुठेतरी," तो म्हणाला.
"मग ईडलिंबाची साल.
मग कडू. कारल्याचं नाही, मेथीचंही नाही.
आणि हे गवत, हे नको होतं.
फुलं दोन दिवस जास्त ठेवलीस."
चार. पण मी बोलले नाही.

पातेलं पुढे सरकवलं.
त्याच्या गळ्याची घाटी वर गेली, खाली आली.
आम्ही दोघांनी एकदम पातेल्याकडे पाहिलं.
ते कोरडं होतं.

"दोष आहेत," तो जरा घाईने म्हणाला, "लिहून देतो."
खिशातून पेन काढलं, कागद शोधायला लागला,
शोधता शोधता डाव्या हाताने
पेला माझ्यापुढे धरला.

पातेल्यात मग आम्ही चिवडा ओतला.