उद्गारचिन्ह

तांबडा गोल, आत उद्गारचिन्ह,
दोन्ही बाजूंना कंस.
जसं कुणी सगळं वाक्य गाळून
फक्त त्याचा शेवट लिहावा.
हॅण्डब्रेक खालीच होता. मी पुन्हा खाली दाबला.
तरी तो.

प्रज्योत म्हणाला, मावशी, ऑइल कमी झालं असेल,
आणि बाटली आणून टाकी काठोकाठ भरली.
दिवा तसाच.
मग त्याने त्यावर काळी चिकटपट्टी लावली, नखाएवढी.
आणि मी,
वीस वर्षं मेडिकलच्या आयसीयूत
शिकाऊ पोरींवर ओरडणारी,
अलार्म दाबू नका गं, आधी पेशंट बघा,
मी ती पट्टी अंगठ्याने नीट बसवली.
छान चिकटली.

पंधरा दिवस पुढचं चाक किंचाळत होतं.
अजनीच्या पुलावर काचा वर, एसी तीनवर,
मे महिना, शेहेचाळीस डिग्री.
कोण ऐकतं.

कडबी चौकाच्या पुढे, कडुलिंबाखाली
देवानंद नागदेवेचं गॅरेज. पाटी नाही, एक टायर लटकतो.
त्याने पट्टी सोलली, माझ्याकडे बघितलं,
काही बोलला नाही.
बोलला असता तर बरं झालं असतं.
चाक उतरवलं, चार नट उलट्या झाकणात ठेवले,
आणि पॅड माझ्या हातावर दिला:
लोखंड, त्यावर पोस्टकार्डाएवढी खरपुडी.

"ऑइल कुठं सांडून नाही राहिलं, मॅडम.
पॅड झिजते, पिस्टन पुढं सरकते,
त्याच्या मागची जागा भराले ऑइल खाली उतरते.
कमी झालं म्हणजे गेलं नाही. कामावर गेलं.
वरून काऊन टाकलं? कोन टाकलं?"

भाच्याचं नाव मी सांगितलं नाही.

आता पिस्टन मागे रेटला तर टाकी उतू जाणार,
आणि हे ऑइल रंग खातं, पत्र्याला फोड आणतं.
उपसायला काही हवं होतं. तो चिंधी शोधत होता.
मी पर्समधून वीस एमएलची सिरिंज काढली,
वेष्टण फाडलं, टाकीवर वाकले.
कोरा चहा निघाला, शिळा.
"मधासारखं पाहिजे होतं. पाणी पिऊन बसलं हे."
सहा वेळा भरली, सहा वेळा बिसलेरीच्या बाटलीत सोडली.
एक थेंब बाहेर नाही.
हात ड्युटीवर असल्यासारखा चालला.

नवे पॅड. नवं ऑइल, वरच्या रेषेपर्यंतच.
"मारा पाय."
पहिल्यांदा पेडल तळाला गेलं, पार,
अंधारात नसलेल्या पायरीवर पाय पडावा तसं.
दुसऱ्यांदा थोडं अडलं.
पाचव्यांदा खालून कुणीतरी उलट दाबलं.
"आलं," मी म्हणाले,
आणि हा शब्द मी एरवी कुठे म्हणते ते आठवून
स्टिअरिंग धरून जराशी बसून राहिले.

दिवा लागलेलाच.

टाकीतल्या तरंगत्या स्विचची पिन त्याने उपटली.
लागलेलाच.
मग हॅण्डब्रेकचं कव्हर उचकटून बोट घातलं,
आणि खालच्या बटणाच्या फटीतून
गुलाबी प्लास्टिकचं टोपण काढलं.
अठरा नंबरच्या सुईचं.
माझ्याच ॲप्रनच्या खिशातलं.

देवानंद तेव्हा पहिल्यांदा हसला.
"हे नसतं ना अटकलं,
तर ज्यानं ऑइल टाकलं, तवाच दिवा विझला असता.
तुम्ही आल्याच नसत्या जी.
गाडी आली असती, क्रेनवर."

टोपण टाकायला मी लाल पिशवी शोधली.
तिथे एकच डबा होता, ग्रीसचा.

आता सकाळी साडेसहाला किल्ली अर्धी फिरवते, थांबते.
आधी सगळे दिवे लागतात, मग एकेक विझतो.
हाही विझतो.
मी तेवढ्यासाठी थांबत नाही.
विझण्याआधी तो लागला का,
ते बघते.